एअरबॅग कणांनी फुगवायची असेल, तर आधी टाकी भरा

संगणकावरच्या मॉडेलमधली माझी पहिली एअरबॅग फुगलीच नाही. रात्री जॉब लावून घरी गेलो, सकाळी ॲनिमेशन उघडलं. इन्फ्लेटरच्या, म्हणजे बॅगेत गॅस सोडणाऱ्या डबीच्या, तोंडातून निळे ठिपके बाहेर पडत होते खरे, पण एरवी एका मिलिसेकंदात अर्धा-पाऊण मीटर धावणारे कण जेमतेम दोन सेंटीमीटर सरकत होते. ४० मिलिसेकंदांत जी टम्म फुगायला हवी, ती बॅग वाळत घातलेल्या चादरीसारखी पडून होती. सर मागे येऊन उभे राहिले, जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, गॅस सोडलायस की मध?"

चूक एका रकान्यात होती. नायट्रोजनचा रेणुभार मी २८ लिहिला होता. अकरावीपासून तोच पाठ. पण माझ्या मॉडेलची एककं किलोग्रॅममध्ये होती, म्हणजे तिथे ०.०२८ हवा होता. माझे रेणू हजारपट जड झाले, मोल हजारपट कमी भरले आणि वेग जवळजवळ बत्तीसपट उतरला. सॉफ्टवेअरने चकार शब्द काढला नाही. फाइलच्या शेवटी 'नॉर्मल टर्मिनेशन' छापून मोकळं झालं.

म्हणून हा लेख. क्रॅश टीममध्ये नुकतेच आला आहात, मेशिंग करता येतं, साधा इम्पॅक्ट चालवून झालाय, आणि आता कोणीतरी "ही ड्रायव्हर बॅग सीपीएममध्ये (गॅसऐवजी कण सोडण्याच्या पद्धतीत) बसवून बघ" म्हणालंय, अशांसाठी. पुण्यात तर ही वेळ हल्ली बऱ्याच जणांवर येते. १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलांत शेजारच्या सीटचीही, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप, म्हणजे गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी चाचणी, सुरू झालं. काम वाढलं, शिकवायला बसणारी माणसं तेवढीच राहिली.

मी एलएस-डायना या धडकेची गणितं करणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दलच लिहितोय, त्यातही *एअरबॅग_पार्टिकल या एका कीवर्डबद्दल. इतर सॉफ्टवेअरांच्या पद्धती वेगळ्या आहेत, पण पहिल्या तीन पायऱ्या तिथेही जशाच्या तशा लागू पडतील.

ही पद्धत करते तरी काय

जुनी पद्धत बॅगला एक मोठा फुगा मानते: आत सगळीकडे एकच दाब, एकच तापमान. बॅग पूर्ण उघडल्यावर माणूस तिच्यावर आदळणार असेल, तर हे गृहीतक बऱ्यापैकी चालतं. पण घडी मोडत असताना तसं नसतं. इन्फ्लेटरसमोरच्या कापडावर झोताचा मार असतो आणि कोपऱ्यातल्या घडीला अजून पत्ताच नसतो. कर्टन बॅगमध्ये (खिडकीवर पडद्यासारख्या उतरणाऱ्या लांब बॅगेत) तर गॅस एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाट काढत जातो. आणि माणूस स्टीअरिंगला खेटून बसलेला असेल, तर पहिल्या १० मिलिसेकंदांतच सगळा खेळ असतो.

कणांच्या पद्धतीचं पूर्ण नाव कॉर्पस्क्युलर पार्टिकल मेथड, म्हणजेच सीपीएम. एलएस-डायनात ती आणण्याचं श्रेय लार्स ओलोव्हसन यांचं. मूळ कल्पना फार जुनी आहे: गॅसचा दाब म्हणजे भिंतीवर आपटणाऱ्या असंख्य कणांचा मारा, हे डॅनियल बर्नुलीने १७३८ मध्येच मांडलं होतं. इथे तेच अक्षरशः करतात. कण सरळ धावतात, एकमेकांवर आणि कापडावर आपटून उडतात. सरकण्याच्या गतिज ऊर्जेला घनफळाने भागून त्याची दोन-तृतीयांश घेतली, की दाब मिळतो.

अर्थात खरे रेणू मोजायला कुठलाच संगणक पुरणार नाही. ५० ग्रॅम नायट्रोजनमध्ये १ वर २४ शून्यं एवढे रेणू असतात. आपण कण घेतो २ लाख. म्हणजे एकेक कण पाचावर अठरा शून्यं इतक्या रेणूंचं गाठोडं घेऊन पळतो. शिवाय नायट्रोजनसारखे दोन अणूंचे रेणू नुसते धावत नाहीत, गरगरही फिरतात. त्यांच्या ऊर्जेचे साधारण पाचातले तीनच भाग धावण्यात असतात. उरलेली ऊर्जा प्रत्येक कणाच्या नावावर वेगळी मांडून ठेवलेली असते.

काय काय हाताशी हवं

- इन्फ्लेटरचा डेटा: वेळेनुसार वस्तुमानाचा प्रवाह, वेळेनुसार तापमान, आणि गॅसचं मिश्रण मोलच्या टक्केवारीत की वस्तुमानाच्या, हे स्पष्ट लिहिलेलं. स्पष्ट नसेल तर विचारा. अंदाज करू नका.
- त्याच इन्फ्लेटरच्या टाकी-चाचणीचा दाबाचा आलेख. हा पुरवठादाराकडे असतोच, पण मागितल्याशिवाय येत नाही.
- इन्फ्लेटरच्या भोकांची जागा आणि दिशा. ड्रॉइंग नसेल तर हातातला नमुना आणि व्हर्निअरही चालतो.
- कापडाच्या चाचण्या: उभ्या धाग्यात, आडव्या धाग्यात आणि ४५ अंशांत. कोटेड कापड नसेल तर हवा किती झिरपते त्याचा आलेखही.
- बॅगचे कटिंग पॅटर्न, टेदरची (बॅगेला फार पुढे जाऊ न देणाऱ्या आतल्या पट्टीची) लांबी, व्हेंटचा (गॅस बाहेर सोडणाऱ्या भोकाचा) व्यास, शिवणीच्या जागा.
- घडी कशी घालायची त्याचं कागदपत्र. नुसते फोटो असतील तर लाइनवर जाऊन एकदा डोळ्यांनी बघा. दहा ईमेल वाचतील.
- सॉफ्टवेअर, त्याच्या नेमक्या आवृत्तीचं मॅन्युअल, आणि एक कॅल्क्युलेटर. घरी सराव करायचा असेल तर विद्यार्थ्यांसाठीची मोफत आवृत्ती मिळते. मेशच्या आकारावर मर्यादा आहे, पण टाकी आणि चपटी बॅग तिच्यात आरामात बसतात.

१. एककं भिंतीवर चिकटवा

क्रॅशमध्ये दोन एकक-पद्धती जास्त चालतात. पहिली किलोग्रॅम-मिलिमीटर-मिलिसेकंद, दुसरी टन-मिलिमीटर-सेकंद. एअरबॅगच्या कार्डावर (इनपुट फाइलमधल्या तिच्या ओळींत) 'युनिट' नावाचा रकाना असतो, तिथे पहिलीसाठी ०, एसआयसाठी १ आणि दुसरीसाठी २. बाकीची गाडी ज्या एककांत आहे, त्यांतच बॅग हवी.

हे आकडे एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला लावा:

किलोग्रॅम-मिलिमीटर-मिलिसेकंद: वातावरणाचा दाब ०.०००१०१३ (गिगापास्कल), नायट्रोजनचा रेणुभार ०.०२८, त्याचा मोलामागे विशिष्ट उष्मा २९.१. ऊर्जा इथे थेट ज्यूलमध्येच येते, म्हणून हा आकडा पुस्तकातल्यासारखा दिसतो.

टन-मिलिमीटर-सेकंद: वातावरणाचा दाब ०.१०१३ (मेगापास्कल), रेणुभार ०.००००२८, विशिष्ट उष्मा २९१००.

गंमत म्हणजे सेकंदाला २ किलोचा प्रवाह दोन्हीकडे ०.००२ असाच लिहिला जातो. त्यामुळे एका मॉडेलमधला आलेख दुसऱ्यात चिकटवला तर उभा अक्ष बरोबर दिसतो आणि आडव्याकडे कोणी बघत नाही. ४० च्या जागी ०.०४ हवं असतं. मी हे एकदा केलंय, आमच्या टीममधल्या दोघांनी तर नक्कीच.

२. गॅसचा हिशेब कागदावर

ही पायरी लोक गाळतात, म्हणून इथे जरा थांबतो.

आधी प्रवाहाच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ काढा. ते म्हणजे एकूण वस्तुमान. इन्फ्लेटरच्या कागदावरच्या आकड्याशी जुळायला हवं. जुळत नसेल तर पुढे जाऊ नका. बरेचदा आलेखाला एक लांबलचक शेपूट असते, शेवटी शून्याच्या खाली घुटमळणारी. मोजणीतला तो गोंगाट असतो. शेपूट कापा, उणे आकडे शून्य करा. कारण कणांची वाटणी पूर्ण आलेखाखालच्या वस्तुमानावर होते. तुम्ही ६० मिलिसेकंदच चालवणार आणि आलेख ३०० पर्यंत पसरलेला असेल, तर शेपटीच्या वाटचे कण बॅगेत कधी येणारच नाहीत.

मग विशिष्ट उष्मा. कार्डावर तो मोलामागे हवा असतो आणि पुरवठादार बहुधा किलोमागे देतो. नायट्रोजनचा किलोमागे सुमारे १०४० ज्यूल. ०.०२८ ने गुणा, २९.१ आला. बरोबर आहे का हे तपासायची युक्ती अशी: त्यातून ८.३१४ वजा करा, २०.८ उरतात. २९.१ ला २०.८ ने भागा. नायट्रोजन किंवा हवेसाठी १.४ यायला हवं. हेलियम-अरगॉनसाठी हाच भागाकार १.६७ येतो. एक ते पावणेदोनच्या पलीकडचं काही आलं तर कुठेतरी एकक निसटलंय.

आता बॅग भरायला पुरेसा गॅस आहे का? समजा बॅग ६० लिटरची, आत वातावरणाच्या १.२ पट दाब हवा आणि गॅसचं तापमान ५०० केल्विन. दाब गुणिले घनफळ म्हणजे सुमारे ७३०० ज्यूल. त्याला ८.३१४ आणि ५०० ने भागा, पावणेदोन मोल आले. नायट्रोजन असेल तर साधारण ४९ ग्रॅम. तुमच्या आलेखाखाली ३० ग्रॅम निघाले, तर ही बॅग पूर्ण भरणार नाही, मेश कितीही देखणा असो. व्हेंटमधून जाणारा आणि कापडात झिरपणारा गॅस यात धरलेला नाही, तोही लक्षात ठेवा.

३. टाकी भरा

बॅगेला हात लावायच्या आधी इन्फ्लेटर एका बंद टाकीत सोडा. पुरवठादारही खऱ्या इन्फ्लेटरची हीच चाचणी करतो, बहुतेक वेळा ६० लिटरच्या टाकीत. मॉडेल करायला अर्धा तास लागतो. ३९१.५ मिलिमीटर बाजूचा घन, सहा बाजूंना शेल एलिमेंट (मेशचे पातळ, चपटे तुकडे), मटेरियल रिजिड, व्हेंट नाही, झिरप नाही. एका बाजूला मधोमध इन्फ्लेटरचा नोड (मेशमधला बिंदू). आतली हवा कणांच्या रूपात चालू करायची, कारण ६० लिटरच्या टाकीत आधीपासूनच सुमारे ७२ ग्रॅम हवा असते. तुमच्या गॅसपेक्षा ती जास्त आहे! तिला विसरून कसं चालेल.

आता उत्तर आधीच काढून ठेवा. ५० ग्रॅम नायट्रोजन म्हणजे १.७९ मोल, ५०० केल्विनला. १.७९ × ८.३१४ × ५०० ÷ ०.०६ केलं की १.२४ बार येतात. चालवून बघितलं तर सॉफ्टवेअर १.७ च्या आसपास वाढ दाखवेल. इथे नवखा माणूस घाबरतो आणि प्रवाहाचा आलेख १.४ ने भागायला घेतो. तसं करू नका, सॉफ्टवेअर बरोबर आहे. बंद टाकीत गॅस ढकलताना मागून येणारा गॅस पुढच्याला दाबतो, ते कामही ऊर्जा होऊन आतच राहतं, आणि गॅस आत शिरताना होता त्याहून गरम होतो. रिकाम्या टाकीत तो बरोबर १.४ पट गरम होतो. म्हणून कागदावरही १.२४ ला १.४ ने गुणायचं: १.७३ बार.

मग बॅगच्या हिशेबात आपण १.४ का नाही घेतलं? कारण बॅग फुगताना बाहेरच्या हवेला ढकलत मोठी होते आणि ती जादाची ऊर्जा त्या कामात खर्च होते. त्यामुळे बॅगेतला गॅस जवळपास ज्या तापमानाला शिरला त्याच तापमानाला राहतो. हे एकदा कळलं की टाकीचा आलेख आणि बॅगचा आलेख एकमेकांशी का जुळत नाहीत, यावर मीटिंगमध्ये होणारी अर्धी भांडणं संपतात.

आलेख बघताना आणखी दोन गोष्टी. दाब १ वातावरणापासून सुरू होतो की शून्यापासून, ते आधी बघा. चाचणीचा आलेख बहुधा शून्यापासून असतो. आणि खऱ्या टाकीतला दाब शिखर गाठून हळूहळू उतरतो, कारण पोलादी भिंती उष्णता पितात. तुमच्या टाकीच्या भिंती उष्णता घेत नसतील, तर तुमचा आलेख शिखरावरच सपाट राहील. चढण जुळली, शिखर जुळलं, तर उतार सोडून द्या. बॅगेचं काम त्याआधीच झालेलं असतं.

दाबाचे आकडे मिळण्यासाठी *डेटाबेस_ॲबस्टॅट_सीपीएम चालू ठेवा. घनफळ, दाब, तापमान, आत आलेला आणि बाहेर गेलेला प्रवाह, सगळं तिथे येतं.

४. चपटी बॅग

टाकी जुळली की घडी न घातलेली बॅग घ्या. दोन गोल पन्ने, कडेला शिवलेले.

बॅग बंद हवी. फ्री एज (कशालाच न जोडलेल्या कडा) तपासा, शिवणीवरचे नोड जोडलेले आहेत ना बघा. एक नोड सुटला तरी कण तिथून बाहेर पडतील. सगळ्या शेलचे नॉर्मल (पृष्ठभागाला लंब असलेले बाण) एकाच बाजूला हवेत. अर्धे आत, अर्धे बाहेर असतील तर घनफळाचा आकडाच वेड्यासारखा येतो.

कार्डावर दोन पार्ट-सेट विचारतात. पहिल्यात पूर्ण बॅग, दुसऱ्यात आतले भाग: टेदर, आतलं डिफ्यूझरचं कापड. टेदर पहिल्याच सेटमध्ये टाकून विसरणं हा फार सामान्य घोळ आहे.

कापडाला मटेरियल ३४, म्हणजे फॅब्रिक. नायलॉन ६,६ चं कापड ओढलं तर ताठ होतं, दाबलं तर नुसतं चुणतं. म्हणून दाबाखालचा ताण काढून टाकणारा पर्याय चालू करा. मेंब्रेन एलिमेंट वापरा. कॉन्टॅक्ट एअरबॅग सिंगल सरफेस, 'सॉफ्ट' च्या रकान्यात २.

इन्फ्लेटरची भोकं एकाच नोडवर कोंबू नका. खरा ड्रायव्हर इन्फ्लेटर चकतीसारखा असतो आणि गॅस चहूबाजूंनी आडवा फेकतो. एकाच नोडमधून वर सोडलात, तर बॅगच्या मधोमध भाला मारल्यासारखं दिसेल आणि चेहऱ्यासमोरचं कापड खऱ्यापेक्षा कितीतरी आधी पुढे येईल. आठ-बारा नोड, प्रत्येकाची दिशा ड्रॉइंगप्रमाणे. गॅस शंकूसारखा पसरतो, त्याचा कोन न भरल्यास ३० अंश धरला जातो. गाडी फिरली तर झोताची दिशाही फिरायला हवी, त्यासाठी तीन नोडांचा हलता अक्ष द्यायचा असतो. तो इन्फ्लेटरच्या घरावरच द्या, कापडावर नको.

५. व्हेंट

व्हेंट म्हणजे मेशमधलं भोक नव्हे. तिथेही शेल भरायचे, वेगळा पार्ट द्यायचा आणि कार्डावर तो पार्ट व्हेंट म्हणून सांगायचा. त्याचं क्षेत्रफळ गुणिले गुणांक इतकी वाट गॅसला मिळते. गुणांक न भरल्यास १ धरला जातो. चाचणीशी जुळवताना सगळे हाच आकडा पिळतात.

पिळा, पण आधी व्हेंटचं क्षेत्रफळ बघा. बॅग ताणली की व्हेंटचे शेलही ताणले जातात. मी एकदा तीन दिवस गुणांक ०.७, ०.६५, ०.६ करत बसलो होतो. नंतर लक्षात आलं की त्या जागी मी भलतंच लुसलुशीत मटेरियल दिलं होतं आणि ३० मिलिमीटरचं भोक फुगून ४० च्या जवळ गेलं होतं. व्यास तिसऱ्या हिश्श्याने वाढला की क्षेत्रफळ पावणेदोन पट होतं.

व्हेंट माणसाच्या अंगाने किंवा स्टीअरिंगने झाकला गेला तर गॅस अडायला हवा. त्यासाठी 'ब्लॉक' हा रकाना आहे, तो चालू ठेवा.

६. घडी

इथे संयम लागतो. पैठणीची घडी मोडली की चुणी कुठे पडते हे आईला न बघता कळायचं. तसं कळायला तुम्हाला वेळ लागेल.

घडी सॉफ्टवेअरमध्ये पट्ट्यांनी दाबून, गुंडाळून घालता येते, किंवा प्री-प्रोसेसरमधल्या (मॉडेल तयार करण्याच्या सॉफ्टवेअरमधल्या) फोल्डिंगच्या साधनाने. कशीही घाला, घडीत एलिमेंट थोडे ताणले-आखडले जातातच. म्हणून न ताणलेला मूळ आकार *एअरबॅग_रेफरन्स_जिऑमेट्री मध्ये वेगळा द्यायचा. तो नसेल तर सॉफ्टवेअर घडीतल्या आखडलेल्या आकारालाच मूळ समजतं आणि बॅग फुगून ठरलेल्या मापाची होत नाही. नोडचे क्रमांक दोन्हीकडे तेच हवेत. घडी झाल्यावर कोणी हौसेने क्रमांक बदलले, की संपलं.

आता सगळ्यात उपयोगी चाचणी. गॅस बंद करा आणि घडी घातलेली बॅग ५ मिलिसेकंद नुसती चालवा. ती निमूट पडून राहिली पाहिजे. हळूच फुलू लागली, थरथरली, एखादा कोपरा उडाला, तर थर एकमेकांत घुसलेले आहेत आणि कॉन्टॅक्ट त्यांना ढकलतोय. हे असंच सोडून गॅस चालू केलात, तर तो धक्का गॅसचाच समजून तुम्ही आठवडाभर इन्फ्लेटर दुरुस्त करत बसाल. घुसलेले नोड शोधा, कॉन्टॅक्टची जाडी कापडाच्या जाडीच्या आत आणा, परत चालवा.

बरेच प्रोसेसर लावून चालवत असाल तर मॉडेलची वाटणी घडीवर नको, मूळ आकारावर होऊ द्या. *कंट्रोल_एमपीपी_डिकंपोझिशन_बॅगरेफ त्यासाठीच आहे.

७. कण किती

न सांगितल्यास २ लाख घेतले जातात. टाकी आणि चपट्या बॅगेसाठी तेवढे भरपूर झाले.

कण कमी असले की दाबाचा आलेख दातेरी येतो, कारण एकेका एलिमेंटवर थोडेच कण आपटतात. कण वाढवले की दातेरेपणा वर्गमुळाच्या हिशेबाने उतरतो. निम्मा करायचा तर चौपट कण. म्हणून गुळगुळीत आलेखाच्या हव्यासापायी २० लाख कण टाकू नका. एकदा २ लाखांवर, एकदा ४ लाखांवर चालवा. बॅगचा आकार आणि सरासरी दाब जवळपास तोच राहिला तर २ लाखांवर राहा. कर्टनमध्ये अरुंद वाटा असतात, तिथे जास्त लागतात.

पूर्ण गाडीच्या मॉडेलमध्ये १२० मिलिसेकंद कण पळवत राहणं महाग पडतं. बॅग भरली, दाब सगळीकडे सारखा झाला, की उरलेला वेळ जुन्या एकसमान दाबाच्या पद्धतीवर जाता येतं. 'टीएसडब्ल्यू' मध्ये ती वेळ द्यायची. डोकं बॅगेवर टेकत असतानाच ही अदलाबदल करू नका.

आणखी एक. तेच मॉडेल वेगळ्या संख्येच्या प्रोसेसरवर चालवलंत तर उत्तर किंचित वेगळं येईल. तुलना करायच्या सगळ्या रन एकाच संख्येवर चालवा.

८. खऱ्या बॅगेशेजारी ठेवून बघा

स्थिर डिप्लॉयमेंटची फिल्म मागा: स्टीअरिंग स्टँडवर बसवून बॅग उडवलेली, हाय-स्पीड कॅमेऱ्याने बाजूने आणि समोरून टिपलेली. तुमचं ॲनिमेशन त्याच कोनातून काढा आणि ५, १०, १५, २०, ३० मिलिसेकंदांच्या चौकटी शेजारी-शेजारी लावा. फिल्ममधला शून्य म्हणजे स्फोटकाला करंट मिळाल्याचा क्षण आणि तुमच्या आलेखातला शून्य म्हणजे गॅस सुरू झाल्याचा क्षण, यांत एक-दोन मिलिसेकंदांचा फरक असू शकतो. कव्हर फाटायलाही वेळ लागतो. आधी तो सरकवून घ्या, मग मत बनवा.

पुढे किती आली, केव्हा मागे फिरली, कुठल्या बाजूने आधी उघडली, हे बघा. डावी बाजू आधी उघडत असेल तर घडीकडे बघा. दोन्ही बाजू उशिरा उघडत असतील तर कव्हरच्या फाटण्याकडे. पुढे जाऊन मोठी झाली पण मऊ वाटते, तर व्हेंट आणि झिरप. पुरती फुगतच नसेल, तर परत दुसऱ्या पायरीवर जा आणि कॅल्क्युलेटर काढा.

त्यानंतर पेंड्युलमने बॅगेवर मारलेल्या धडकेचा आलेख जुळवायचा. डमी आणि ताशी ६४ किलोमीटरची धडक त्याच्याही नंतर.

आणि टाकीचं मॉडेल डिलीट करू नका. पुढच्या वर्षी इन्फ्लेटर बदलेल, नवा आलेख येईल, आणि संध्याकाळी सहा वाजता कोणीतरी "फक्त कर्व्ह बदलून रात्री लाव" म्हणेल. तेव्हा आधी तो आलेख टाकीत सोडा. चार मिनिटं लागतात.